वफा, पातिव्रत्य आणि छोटा पडदा

निष्ठेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. निष्ठा आहे, इमान आहे, स्वामिभक्ती आहे. तिच्या उलट अर्थाचे शब्द तर त्याहून ठसठशीत आहेत : दगा, फितुरी, बेइमानी, नमकहरामी. हे शब्द अरबी-फारसीतून आले. बहमनी राज्य, निजामशाही, आदिलशाही यांच्या दफ्तरांतून आणि छावण्यांतून ते मराठीत उतरले आणि इथलेच होऊन गेले. किल्लेदार फितूर होतो, सरदार दगा देतो, शिलेदार खाल्ल्या मिठाला जागतो. हे सगळे चाकरीचे शब्द आहेत. घरात, स्त्री आणि पुरुष यांच्यामध्ये मराठीने जो शब्द ठेवला तो वेगळा : पातिव्रत्य. या शब्दात पती अगोदर येऊन बसलेला असतो, व्रत मागून येते. पतीच नसेल तर व्रत कशाचे? पुरुषासाठी ‘एकपत्नीव्रत’ हा शब्द आहे खरा, पण तो रामकथेच्या निरूपणाबाहेर सहसा भेटत नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास हे दोन विषय शिकवते. त्यामुळे रोजच दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहावे लागते, आणि काही शब्द तिथे अडतात. ‘वफा’ हा त्यांपैकी एक. अरबीत या धातूचा अर्थ पुरे करणे असा आहे. करार पुरा करणे, वचन पुरे करणे, देणे पूर्ण चुकते करणे. ‘वफात’ हा मृत्यूसाठी येणारा शब्दही त्याच धातूचा. तेव्हा वफेला नवरा किंवा बायको लागत नाही, दिलेला शब्द लागतो. उर्दू गझलेतला महबूब हा बायको किंवा नवरा नसतोच. तो ना निकाहातला असतो, ना घरातला. तरी सगळी तक्रार त्याच्या वफेबद्दल आणि बेवफाईबद्दल असते. म्हणजे लग्नाच्या अगोदरही निष्ठा असू शकते, लग्नाच्या बाहेरही असू शकते, आणि तिथेही ती मोडली तर तो दगाच असतो, हे उर्दूने शब्दातच मान्य केले आहे. मराठीला ते मान्य करण्यासाठी आजही चार वाक्ये खर्चावी लागतात.

हे सगळे आठवण्याचे कारण दूरचित्रवाणीवरच्या मालिका. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्या आपल्या घरात चालू आहेत. त्यांत बिनलग्नाच्या स्त्री-पुरुषांची जी नाती दाखवली गेली, त्यांत कुणी शब्द पाळला आणि कुणी दगा दिला याचा निवाडा लेखकांनी कोणत्या मापाने केला, हे पाहण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की आपल्या हिंदी-मराठी मालिकांनी बहुतेक वेळा पातिव्रत्याचे माप लावले. म्हणून जिथे पती नव्हता तिथे बाईला एक तर घाईघाईने नवरी करावे लागले किंवा गुन्हेगार ठरवावे लागले. वफेचे माप लावले असते तर गुन्हेगार दुसरेच निघाले असते.

नांदेड-लातूरकडे दूरचित्रवाणी उशिराच आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, पण त्याच्या मनोऱ्याची पोच आमच्यापर्यंत नव्हती. ऑगस्ट १९८२ मध्ये दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रक्षेपण आणि रंगीत चित्र सुरू झाले, आणि त्याच महिन्यात लातूर उस्मानाबादपासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही मालिका मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्या पद्धतीवर बेतलेली होती. त्या पद्धतीत काही पात्रे अनुकरणासाठी असतात, काही धडा शिकवण्यासाठी. बडकीचे डॉक्टर अश्विनीशी लग्न झाले तेव्हा प्रेक्षकांनी खरोखरीच्या नात्यातले लग्न असावे तशा शुभेच्छा पाठवल्या. मझली मात्र सिनेमात जाण्याचे स्वप्न घेऊन निघाली आणि तिची फसवणूक झाली. फसवणारा कोण होता हे आज कुणाला विचारले तर आठवत नाही. मझली फसली एवढे मात्र सगळ्यांना आठवते. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाया अजूनही जास्त हुशारी करणाऱ्या मुलीला ‘मझली बनू नकोस’ म्हणतात. दगा देणारा विसरला गेला आणि दगा झालेली म्हण होऊन बसली. आपल्या मालिकांचा पाया हा असा घातला गेला.

याच काळात आमच्या मोहल्ल्यांत दुसरे एक वळण चालू होते. ते सरकारी नव्हते आणि त्याची नोंद कुठल्या अहवालात सापडणार नाही. माझी खाला सांगते, की व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणला जाई आणि भाडे चार घरांत वाटले जाई. अंगणात सतरंजी टाकून पाकिस्तान टेलिव्हिजनच्या नाटकांच्या कॅसेटी पहाटेपर्यंत चालत. ‘अनकही’, ‘तनहाइयाँ’, ‘धूप किनारे’. कॅसेटी हैदराबादहून येत. नांदेडचे हैदराबादशी नाते १९५६ नंतर राजकीय राहिले नव्हते, पण कापड, दवाखाना, सोयरीक आणि कॅसेट यांच्यासाठी गाडी त्याच दिशेला पकडली जाई. पुरुष मंडळी अर्ध्या रात्री झोपून जात, बाया जागत.

ही तिन्ही नाटके हसीना मोईन यांची. त्यांचा जन्म १९४१ चा, कानपूरचा. फाळणीनंतर कुटुंब पाकिस्तानात गेले, आणि २०२१ मध्ये कराचीत त्यांचे निधन झाले. १९९१ च्या ‘हिना’ या हिंदी चित्रपटाचे संवादही त्यांचेच. त्यांच्या नायिका नोकरी करतात, वेंधळेपणा करतात, मोठ्याने हसतात आणि कुणावर तरी जीव लावतात. त्यासाठी त्यांना शिक्षा होत नाही. त्या काळी झिया-उल-हक यांची राजवट होती आणि पडद्यावर बाईच्या डोक्यावरच्या ओढणीचाही हिशेब घेतला जात होता, हे लक्षात घेतले म्हणजे या बाईचे धाडस कळते.

‘धूप किनारे’ १९८७ चे. दिग्दर्शन साहिरा काझमी यांचे. कराचीतल्या एका इस्पितळात डॉक्टर अहमर अन्सारी हे गंभीर, अबोल, वयाने मोठे गृहस्थ, आणि त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली डॉक्टर झोया. राहत काझमी आणि मरीना खान यांनी या भूमिका केल्या. दोघांमध्ये जे काही आहे ते नाटकाचा बराच काळ उच्चारले जात नाही. मंगनी नाही, निकाह नाही, कबुलीही नाही. शिवाय शीना ही सहकारी डॉक्टर आहे, जिचाही अहमरवर जीव आहे. आपल्याकडची मालिका असती तर शीनाला कारस्थानी करून टाकली असती. तिने औषध बदलले असते, चिठ्ठी लपवली असती. हसीना मोईन यांनी असे काही केले नाही. शीना आपले दुःख आपल्याजवळ ठेवते. तिला कुणी दगा दिलेला नाही, कारण तिला कुणी शब्दच दिला नव्हता, आणि हे तिला स्वतःला माहीत आहे. न दिलेल्या शब्दाचा दावा करायचा नाही, ही तिची सचोटी. खाला म्हणते, की झोयाचे लग्न होते की नाही यापेक्षा शीनाचे पुढे काय झाले असेल याची चर्चा बायांमध्ये जास्त दिवस चालली.

याच नाटकावरून सोनी वाहिनीने २०११ मध्ये ‘कुछ तो लोग कहेंगे’ ही हिंदी मालिका काढली. कराचीऐवजी लखनौ आले, झोयाची निधी झाली, अहमरचे आशुतोष झाले. मूळ नाटक मोजक्या भागांचे होते. इथे रोजचा भाग भरायचा होता, म्हणून २०१२ मध्ये मध्येच दोघांचे लग्न लावले गेले, आणि त्यानंतर मालिका इतर कुठल्याही मालिकेसारखी झाली. सासर आले, गैरसमज आले, संशय आला. मला हा बदल फार बोलका वाटतो. लग्न होईपर्यंत एकमेकांवर विश्वास टाकणारी दोन माणसे लग्न झाल्यावर एकमेकांवर संशय घेऊ लागली. आपल्या पटकथेला विश्वास चालवता येत नाही, संशय चालवता येतो, आणि संशयाचे सगळे साहित्य लग्नघरातच तयार मिळते.

आता जरा मागे, दूरदर्शनच्याच काळात. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ ची. तिच्यावरून नव्वदच्या दशकात स्मिता तळवलकर यांनी मराठी मालिका काढली. त्यात मनोज जोशी बाजीराव होते आणि अश्विनी भावे मस्तानी. पुढे २०१५ मध्ये ई टीव्ही मराठीवर ‘श्रीमंत पेशवा बाजीराव मस्तानी’ आली, त्याच वर्षी संजय लीला भन्साळी यांचा हिंदी चित्रपट आला, आणि २०१७ मध्ये सोनीवर ‘पेशवा बाजीराव’. मराठी माणसाच्या मनातले सर्वांत प्रसिद्ध बिनलग्नाचे नाते हे, आणि ते पुन्हा पुन्हा पडद्यावर येत राहिले. बुंदेलखंडातली परंपरा मस्तानीला छत्रसालाची मुलगी मानते आणि तिचे बाजीरावाशी लग्नच झाले असे सांगते. पुण्याकडच्या लिखाणात ती कलावंतीण आहे. म्हणजे नाते लग्नाचे की बिनलग्नाचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांच्याकडे गेला.

या मालिकांत एक प्रश्न हमखास येतो : बाजीरावाने काशीबाईशी दगा केला का? प्रश्न खोटा नाही. काशीबाईचे दुःख खरे आहे आणि ते दाखवलेच पाहिजे. पण इतिहासाचा क्रम पाहिला तर दुसराही प्रश्न निघतो, तो मालिकांत पुरेसा निघत नाही. १७३९ च्या अखेरीस आणि १७४० च्या आरंभी बाजीराव निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याविरुद्ध मोहिमेवर होता. ही लढाई आमच्याच गोदावरीच्या काठाने चालली होती. फेब्रुवारी १७४० च्या अखेरीस मुंगी-पैठणला तह झाला. याच महिन्यांत पुण्यात काय चालले होते? बाजीरावाचा भाऊ चिमाजी अप्पा आणि मुलगा नानासाहेब यांनी मस्तानीला अटकेत ठेवले होते. घरात मुंज आणि लग्न अशी कार्ये होती, आणि मस्तानीचा संबंध असेल तर आम्ही धर्मकृत्ये करणार नाही अशी ब्रह्मवृंदाची भूमिका होती. तहाच्या कागदावर शिक्का उमटवणारा पेशवा आपल्या घरातल्या बाईला सोडवू शकत नव्हता. तह करून तो उत्तरेकडे निघाला आणि २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेच्या काठी रावेरखेडीला वारला. मस्तानी त्याच्याजवळ नव्हती. त्याच वर्षी तीही गेली. पुणे जिल्ह्यात पाबळला तिची कबर आहे.

आता इमान कुणी राखले आणि कुणी राखले नाही याचा हिशेब मांडू. मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर. बाजीरावाने त्याला कृष्णराव या नावाने ब्राह्मण म्हणून वाढवण्याची इच्छा धरली होती असे सांगितले जाते. ते झाले नाही. तो मुसलमान म्हणून वाढला, पेशव्यांच्याच घरात, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. जखमी होऊन भरतपूरच्या मुलखात त्याचा अंत झाला. वय अवघे २७. त्याचा मुलगा अली बहादूर पेशव्यांच्या झेंड्याखाली बुंदेलखंडात लढला आणि बांद्याचे घराणे त्याच्यापासून सुरू झाले. त्या घराण्यातला दुसरा अली बहादूर १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. ज्या नात्याला पुण्याने मान्यता दिली नाही, त्या नात्यातून आलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या पुण्याच्या बाजूने उभी राहिली. उलट नानासाहेबांच्या मागून आलेल्या राघोबादादांचा, म्हणजे बाजीराव आणि काशीबाई यांच्या सख्ख्या मुलाचा, इतिहास काय आहे हे सातवीच्या मुलालाही ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ चा. त्यानंतर राघोबा इंग्रजांकडे गेले आणि १७७५ चा सुरतेचा तह झाला. औरसपणा आणि इमान यांचा काही संबंध असतो का, हे विचारायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडत नाही.

हे मी मुसलमान म्हणून लिहिते आहे असे कुणाला वाटेल. थोडेसे तसेही आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. समशेर बहादूरचे नाव वर्गात घेतले की मुलींचे चेहरे वेगळे होतात. पानिपतावर आपल्यातलाही कुणी मराठ्यांकडून होता, हे इब्राहिमखान गारदी सोडला तर त्यांना ठाऊक नसते. पण मुद्दा धर्माचा तेवढाच नाही. मालिकांनी मस्तानीला नाचती दाखवली, तलवार चालवणारी दाखवली, सुंदर तर दाखवलीच. तिच्या मागे राहिलेल्या मुलाला मात्र एकदोन दृश्यांत उरकले. बिनलग्नाच्या नात्याची गोष्ट प्रेमिकांच्या मरणाबरोबर संपवण्याची ही सवय जुनी आहे. त्या नात्याचे मूल मोठे होते, त्याला वाटणी मिळते की नाही, त्याला कोणत्या नावाने हाक मारतात, हा भाग पटकथेला कंटाळवाणा वाटतो.

त्यानंतर केबलची तार आली. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झाली, आणि काही वर्षांतच तिच्यावर ‘हसरतें’ लागली. अजय सिन्हा यांची ही हिंदी मालिका जयवंत दळवी यांच्या ‘अधांतरी’ या मराठी कादंबरीवर आधारलेली होती. दळवींना वाचक अनेक कारणांनी ओळखतात. ‘ललित’मधले ठणठणपाळ तेच, ‘चक्र’ त्यांचे, ‘संध्याछाया’ आणि ‘पुरुष’ ही नाटके त्यांची. गोव्यातल्या भाविणींच्या जीवनावरची ‘महानंदा’ त्यांची, जिच्यावरून शं. ना. नवरे यांनी ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक केले. ज्या बाईला लग्नाची परवानगीच नाही तिने प्रेमात निष्ठा कशी राखायची, हा प्रश्न दळवींच्या मनात बराच काळ असावा. १९९४ मध्ये ते गेले. ‘हसरतें’ त्यांनी पाहिली नाही.

‘हसरतें’मधली सावी नवऱ्याला सोडून केटी या विवाहित पुरुषाबरोबर राहू लागते. शेफाली शाह यांनी सावी केली, हर्ष छाया यांनी केटी. सावी हे सावित्रीचेच लाडके रूप, आणि यमाच्या दारातून नवरा परत आणणाऱ्या बाईचे नाव नवरा सोडणाऱ्या बाईला मिळावे, यातला उपरोध मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. त्या काळच्या घरांत या मालिकेवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. ज्येष्ठांना ती निर्लज्ज वाटली, तर सुधारकी मंडळींना तिच्यात बाईला पुन्हा दुःखच दिल्यासारखे वाटले. मला कादंबरीचे नावच सर्वांत नेमके वाटते. अधांतरी कोण आहे? केटी अधांतरी नाही. त्याचे एक घर आहे आणि दुसरेही आहे. त्याची बायकोही, दुःखी असली तरी, अधांतरी नाही. कुंकू आहे, नाव आहे, रेशन कार्ड आहे. अधांतरी एकटी सावी आहे. तिने मागचा पूल जाळला, त्याने जाळला नाही. दोघांनी एकाच नात्यात पाऊल टाकले, पण भांडवल एकीनेच घातले. पातिव्रत्याच्या मापाने सावी सपशेल नापास होते. वफेच्या मापाने विचारले तर? तिने दिलेला शब्द पाळला. शब्द अर्धा पाळला तो केटीने. दोन बायांना अर्धा अर्धा शब्द देणारा पुरुष दोघींचाही देणेकरी राहतो. पण मालिकेबाहेरच्या जगात त्याला देणेकरी म्हणायला शब्द नव्हता. ‘ठेवलेली’ हा शब्द मात्र होता, आणि तो बाईसाठी होता.

हा शब्द पुढे न्यायालयापर्यंत गेला. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ चा, अमलात आला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्यात विवाहासारख्या स्वरूपाचे नातेही धरले गेले. म्हणजे कागद नसलेल्या बाईला पहिल्यांदा दार उघडले. २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या नात्याच्या अटी घालून दिल्या, आणि त्या निकालात ठेवलेल्या बाईसाठीचा ‘कीप’ हा इंग्रजी शब्द आला. त्या वेळच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी त्या शब्दाला हरकत घेतली. मराठीत ‘ठेवलेली’, हिंदी-उर्दूत ‘रखैल’, इंग्रजीत ‘कीप’. तिन्ही भाषांनी इथे एकच क्रियापद वापरावे, याचा अर्थ भाषा बदलली तरी दृष्टी बदलत नाही. व्यभिचाराचे जुने कलम ४९७ हे १८६० च्या दंडसंहितेतले. त्यात तक्रार करण्याचा हक्क नवऱ्याला होता, बायकोला नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द झाले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ मध्ये, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवणे हा गुन्हा ठरला, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. या कलमाबद्दल वाद आहेत आणि ते रास्तही आहेत. पण कायद्याने प्रथमच नवरा-बायको हा प्रश्न बाजूला ठेवून ‘शब्द दिला होता का?’ असे विचारायला सुरुवात केली, हे खरे.

मराठी मालिकांत या प्रश्नाला थोडीफार मोकळी जागा मिळाली ती झी मराठीच्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’त, २०१५-१६ मध्ये. मुंबईतल्या एका घरात सहा तरुण मुलगे-मुली राहतात. घराला ते ‘माजघर’ म्हणतात. त्यांतली रेश्मा लग्न करून मुंबईत आलेली आहे, आणि दगा तिला नवऱ्याकडूनच मिळालेला आहे. तिच्यामागे उभी राहतात ती पाच माणसे तिची कुणीच लागत नाहीत. रक्ताची नाहीत, लग्नाची नाहीत. लग्नात बेवफाई आणि बिननात्याच्या घरात वफा, असा उलटा मांडलेला हिशेब मराठी मालिकेत मी पहिल्यांदा पाहिला. मालिका हलकीफुलकी होती, म्हणून कुणी त्यावर लेख लिहिले नाहीत.

आता आमच्या जिल्ह्यांतले पाहू. नांदेड-लातूरच्या मुस्लिम घरांत एकत्र राहण्याचे बिनलग्नाचे नाते जवळपास नाहीच, असेल तर ते लपलेले आहे. पण एक बिनलग्नाचे नाते आम्ही राजरोस मानतो, त्याला मिठाई वाटतो, त्याचे फोटो काढतो. ते म्हणजे मंगनी. निकाह हा करार आहे. त्याला ईजाब आणि कबूल लागते, दोन साक्षीदार लागतात, महर ठरतो, काझीच्या दफ्तरात नोंद होते. मंगनी हा फक्त वादा आहे. पूर्वी मंगनी आणि निकाह यांच्यामध्ये मुलगा-मुलगी बोलत नसत. मोबाइल आल्यापासून ते रोज बोलतात. मुलगा पुण्याला किंवा सौदीला नोकरीला असला तर दोन-दोन, तीन-तीन वर्षे हे बोलणे चालते. त्या काळात मुलगी कुठले कपडे घालील, शिकेल की नाही, नोकरी धरील की नाही, हे तिकडून ठरू लागते. निकाहातले सगळे हुकूम येतात, निकाहातला एकही हक्क येत नाही. आणि मंगनी मोडली तर? शरीअतने तिला निकाह मानलेले नाही, म्हणून तलाकची प्रक्रिया नाही, महर नाही. कायद्यातही बहुधा काही नाही. उर्दू नाटकांनी हा प्रसंग पन्नास वेळा लिहिला आहे. २०१४ मध्ये झिंदगी वाहिनीवर पाकिस्तानी नाटके पुन्हा दिसू लागली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बंद झाली. तेवढ्या दोन वर्षांत आमच्या बायांनी मोडलेल्या मंगन्या पुष्कळ पाहिल्या असतील. पण तिथेही बहुतेक वेळा शेवटी दुसरा, अधिक चांगला मुलगा येतो आणि मुलीची इज्जत सावरतो. म्हणजे दगा ज्याने दिला त्याचे काहीच होत नाही. मुलीला फक्त बदली नवरा मिळतो.

आमच्या नात्यातल्या एका मुलीची मंगनी तीन वर्षांनी मोडली. तिने त्या तीन वर्षांत डी.एड.ला मिळालेला प्रवेश सोडला होता, कारण मुलाला बायकोची नोकरी नको होती. मुलाने नंतर नोकरी करणारीच मुलगी केली. मोहल्ल्यात विचारणा झाली ती मुलीकडे : ‘तुझ्याकडून काही झाले का?’ मुलाला कुणी विचारले नाही. आपण वफादार होतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी तिच्यावर आली, आणि ते सिद्ध करायला तिच्याजवळ फोनमधले निरोप सोडून काही नव्हते. तेही तिच्या भावाने पुसून टाकायला लावले, पुढच्या सोयरिकीत अडचण नको म्हणून. मग दोन्ही घरची माणसे एका दुपारी बसली आणि परत करायच्या वस्तूंची यादी झाली. सोन्याची अंगठी, ईदीचे तीन जोड, एक मोबाइल, मिठाईचा खर्च वजा. यादीच्या दोन प्रती केल्या आणि दोन्हीकडच्या मामूंनी त्यावर सह्या केल्या. ती मुलगी आत, स्वयंपाकघरात चहा करत होती.